जुन्या फोटोवरून डिजिटल पोर्ट्रेट: चेहरा घरच्यांना ओळखू आला पाहिजे

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खानदेशात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडतात. पितरांची घागर भरायची असते आणि त्या निमित्ताने कुणाच्या तरी लक्षात येतं, की आजोबांचा धड एक फोटो घरात नाही. असतो तो कुठल्या तरी जुन्या कार्डावरचा पासपोर्ट फोटो, नाहीतर लग्नातल्या ग्रुपमधला, मागच्या रांगेतला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड गेलेला. मग तो मोबाइलवर येतो आणि खाली एक ओळ असते: "याचं पेंटिंग करून द्या, मोठं."

हे काम एका बटणावर करून देणारी ॲप आता ढिगाने आहेत. फोटो टाकला की क्षणात तैलचित्रासारखं काहीतरी हातात येतं. कातडी गुळगुळीत, सुरकुत्या गायब, डोळ्यांत सिनेमातली चमक. नातवंडं खूश होतात. घरातली म्हातारी मात्र डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि म्हणते, "हाऊ मना भाऊ नही शे." (हा माझा भाऊ नाही.) आणि तिचंच बरोबर असतं. कारण ॲपला माणूस ठाऊक नसतो, त्याला सरासरी चेहरा ठाऊक असतो. जिथे फोटो धूसर आहे तिथे ते सरासरीतलं नाक आणि सरासरीतले ओठ बसवून मोकळं होतं.

म्हणून इथे सांगतोय ती पद्धत हाताने रंगवायची आहे. फोटो समोर ठेवायचा, पण चित्र आपण रंगवायचं. चित्रकलेची पदवी लागत नाही. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंत हात चाललेला असेल तर पुरे, नसेल तर थोडा वेळ जास्त लागेल.

साधनं

यावर लोक फार वेळ घालवतात, तेवढा घालवायची गरज नाही. कॉम्प्युटर असेल तर क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रंगवण्यासाठीच बनवलेलं आहे. फोटोशॉप हातात असेल तर उत्तम. आयपॅडवर प्रोक्रिएट, अँड्रॉइडवर आयबिस पेंट चालतं. पेन टॅब्लेट मात्र हवाच, माऊसने चेहरा रंगवणं म्हणजे हातमोजे घालून वाती वळणं. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, कोणताही साधा, बिनस्क्रीनचा टॅब्लेट घ्या. दाब किती पातळ्यांत मोजतो याच्या जाहिरातीकडे लक्ष देऊ नका, आता स्वस्तातल्या टॅब्लेटलासुद्धा ते पुरेसं असतं. पैसे उरले तर ते रॅमवर घाला. १२ बाय १८ इंचाचं चित्र ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेलचं होतं, त्याचा एकेक लेयर (पारदर्शक कागदासारखा एकावर एक ठेवायचा थर) मेमरीत साधारण ७८ एमबी खातो. दहा-बारा लेयर झाले की ४ जीबीचं मशीन धापा टाकतं.

लाइट जाणं हे आपल्याकडे गृहीत धरायचं. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा.

फोटो मिळवणं: निम्मं काम इथेच होतं

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर काम सुरू करू नका. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे दाबून लहान होतो आणि सावलीतला तपशील सगळ्यात आधी जातो. पाठवणाऱ्याला सांगा, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." त्याहून चांगलं म्हणजे मूळ प्रिंटच मागवा आणि स्वतः स्कॅन करा. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. ६०० डीपीआयला (स्कॅनमध्ये इंचाला ६०० ठिपके) त्याचे सव्वाआठशे बाय हजारेक पिक्सेल येतात, १२०० ला दुप्पट. लहान फोटोला १२००, पोस्टकार्डाएवढ्याला ६०० हा माझा नेम आहे. त्यापुढे आकडा वाढवून फक्त कागदाचा दाणा मोठा होतो, चेहरा नाही.

स्कॅनर नसेल तर मोबाइलने प्रिंटचा फोटो काढता येतो. प्रिंट फ्रेममधून बाहेर काढा. काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट फोटो घ्या. ओसरीच्या सावलीत, खिडकीच्या बाजूच्या उजेडात प्रिंट सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल प्रिंटला अगदी समांतर. फार जवळ जाऊ नका, थोडं लांबून झूम करा, नाहीतर कडा वाकतात.

जुन्या स्टुडिओंचा एक कागद असतो, रेशमासारखा बारीक खडबडीत. स्कॅन केला की चेहऱ्यावर जाळी उमटते. ती पुसायला ब्लर मारला की चेहराही जातो. त्याला उपाय आहे. एकदा सरळ स्कॅन करा, मग प्रिंट १८० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा करा, दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर सरळ करून पहिल्याच्या वर ठेवा, नीट जुळवा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी (झाकण्याची ताकद) ५० टक्के करा. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे दोन्ही स्कॅनमध्ये जाळीच्या सावल्या उलटसुलट पडतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात.

आणखी दोन गोष्टी सुरुवातीलाच बघून घ्या. पहिली, फोटो उलटा तर नाही ना? सेल्फी आरशासारखी उलटी असू शकते. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, तो त्याच्या उजव्या छातीवर दिसला की फोटो उलटा आहे समजा. दुसरी, सेल्फीत किंवा फार जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा लेन्सचा नाही, अंतराचा परिणाम आहे. अशा फोटोवर भरवसा ठेवून रंगवलं तर माणूस नाकाड्या होतो. शक्य असेल तर चार-पाच फुटांवरून काढलेला फोटो मुख्य धरा आणि बाकीचे नुसते संदर्भाला ठेवा.

घरच्यांना विचारा

ही पायरी कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. ब्रश हातात घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी फोनवर बोला. गालावर हा जो डाग दिसतो तो तीळ आहे की कागदाला लागलेली बुरशी? केस पांढरे होते की फोटोत उजेड पडलाय? लुगडं कुठल्या रंगाचं? टोपी कायम घालायचे, की फोटोपुरती?

सगळ्यात घोटाळा होतो तो गोंदणाचा. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, गालावर गोंदलेले ठिपके असायचे. काळ्यापांढऱ्या फोटोत ते अगदी धुळीच्या डागासारखे दिसतात. फोटो साफ करणारा उत्साही पोरगा डाग पुसायचा हीलिंग ब्रश फिरवतो आणि हनुवटीवरचे तीन ठिपके पुसून टाकतो. ॲपसुद्धा हेच करतं. दिसायला चेहरा स्वच्छ होतो, पण आजी जाते. खूण अशी, की डाग कागदभर पसरलेले असतात, चेहरा सोडून पदरावर आणि पडद्यावरही. गोंदण फक्त कातडीवर असतं, बहुधा मधोमध, आणि त्याची कडा किंचित विरघळलेली असते. तरीही विचारा. रंगवताना ते काळं करू नका. कातडीखाली गेलेली शाई वर्षांनी निळसर-हिरवट राखाडी दिसते. आजूबाजूच्या कातडीपेक्षा दोन छटा गडद, एवढंच.

कॅनव्हास आणि रेखाटन

छापायचा आकार आधी ठरवा, मग फाइल उघडा. ए४ साठी ३०० पीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, ए३ साठी ३५०८ बाय ४९६१. रंगाची पद्धत आरजीबी, प्रोफाइल एसआरजीबी. चेहरा मधोमध चिकटवू नका. डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास येऊ द्या आणि माणूस जिकडे बघतोय तिकडे थोडी जास्त जागा सोडा. फोटोत डोक्यावर वीतभर रिकामी जागा असते म्हणून चित्रातही ठेवायची असं काही नाही.

फोटो खाली ठेवून वरून गिरवावं की नाही, यावर चित्रकार मंडळी भांडतात. माझं मत असं: गिऱ्हाइकाचं काम असेल तर मुख्य जागा बिनधास्त गिरवा. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ, हनुवटी, कानाची वरची आणि खालची टोकं. बाकीचं फोटो बाजूला ठेवून बघून काढा. सगळंच गिरवलं की रेघ मेल्यासारखी येते, आणि फोटोत जी चूक आहे ती डोळे झाकून उतरते. शिकण्यासाठी करत असाल तर अजिबात गिरवू नका. फोटोवर आणि कॅनव्हासवर सारखे चौकोन पाडा आणि चौकोनाचौकोनाने उतरवा. पूर्वी भिंतीवरचे पेंटर हेच करायचे.

रेघ बारीक आणि तपकिरी ठेवा, लेयर वेगळा. ती शेवटी राहणार नाहीये.

आधी उजेड आणि सावली, रंग नंतर

माणूस ओळखू येतो तो पापण्यांच्या केसांवरून नाही. तापीच्या पुलावर समोरून येणारा माणूस शंभर फुटांवरून ओळखू येतो, तेव्हा पापण्या कुठे दिसतात? दिसतो तो भुवयांखालचा अंधार, गालफडाचा उठाव, जबड्याचा आकार. तेच आधी पकडायचं.

फोटोची एक प्रत काळीपांढरी करा. तिला थोडा ब्लर द्या, मग पोस्टराइझ फिल्टरने चार किंवा पाच छटांत तोडा. आता चेहरा नकाशासारखा दिसेल. ही प्रत बाजूला उघडी ठेवा. कॅनव्हासवर नवा लेयर घ्या, पूर्ण कॅनव्हास मध्यम राखाडीने भरा आणि मोठ्या, कडक कडेच्या ब्रशने त्या चार-पाच छटांचे आकार मांडा. ब्रश चेहऱ्याच्या रुंदीच्या पाचव्या भागापेक्षा लहान करू नका. झूमही करू नका. हात शिवशिवतो डोळा काढायला, पण थांबा. या टप्प्याला चित्र लांबून बघून घरच्यांना माणूस ओळखू आला पाहिजे. नाही आला, तर पुढे कितीही बारकावे घाला, येणार नाही. मी गिऱ्हाइकाला पहिली प्रत याच टप्प्यावर पाठवतो. इथे नाक सरकवायला दोन मिनिटं लागतात, शेवटी दोन तास.

उजेड कुठल्या बाजूने आलाय ते एका वाक्यात लिहून ठेवा. "डावीकडून, वरून, कडक." जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत एक मोठा दिवा एका बाजूला असायचा, त्यामुळे सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसतो. डच चित्रकार रेंब्रांटच्या चित्रांवरून त्या प्रकाशयोजनेला नाव पडलंय. तो त्रिकोण सापडला तर सोडू नका, चेहऱ्याला खोली तोच देतो. पासपोर्ट फोटोत समोरून फ्लॅश मारलेला असतो, सगळा चेहरा सपाट. तिथे सावली आपण बनवावी लागते: नाकाच्या एका बाजूला, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली, आणि तीही सगळीकडे एकाच बाजूला.

नुसत्या उजेडाने काय काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर चाळीसगावला जा. छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता, टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाशाच्या जोरावर अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. त्यांच्या बंगल्यात संग्रहालय आहे. तिथली टेबल-टॉप छायाचित्रं बघताना विषय बघू नका, सावलीची कडा कुठे कडक आहे आणि कुठे विरघळते तेवढंच बघा. सॉफ्ट ब्रश कधी घ्यायचा आणि हार्ड कधी, याचं शिक्षण तिथे फुकट आहे.

कातडीचा रंग

नवशिक्यांची पहिली उडी आयड्रॉपरवर असते. फोटोतून रंग उचलायचा आणि लावायचा. जेपीजी फोटोत शेजारशेजारचे पिक्सेल हिरवे, जांभळे, काहीही असतात. उचलायचाच असेल तर पाच बाय पाच पिक्सेलची सरासरी घेणारी सेटिंग लावा. आणि ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंटवरून तर अजिबात उचलू नका. त्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून सगळी माणसं लालबुंद दिसतात.

उन्हात राबलेल्या सावळ्या चेहऱ्यासाठी मी साधारण इथून सुरुवात करतो, एचएसबी मोजणीत (ह्यू म्हणजे रंग, सॅच्युरेशन म्हणजे दाटपणा, ब्राइटनेस म्हणजे उजळपणा): उजेडात ह्यू २५, सॅच्युरेशन ४५, ब्राइटनेस ७५. मधली छटा २०, ५५, ५२. सावली १२, ६०, २८. म्हणजे सावलीकडे जाताना रंग लालसर आणि दाट होतो, नुसता काळा मिसळलेला नसतो. काळा मिसळला की चेहरा राखेसारखा होतो. सावळ्या माणसाला उजळ करून द्या असंही लोक सांगतात. मी करत नाही, आणि का ते समजावून सांगतो: सावळ्या कातडीवरची चमक जास्त ठळक आणि थंड, निळसर असते. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर ती नीट ठेवली की चेहऱ्याला तेज येतं. ते तेज उजळ रंगात येत नाही.

चेहऱ्याचे तीन पट्टे लक्षात ठेवा. कपाळ थोडं पिवळट, नाक-गाल-कानांचा पट्टा तांबूस, आणि पुरुषांच्या जबड्याचा भाग दाढीमुळे निळसर-राखाडी. फरक अगदी थोडा ठेवायचा. आता आपल्याकडची खास गोष्ट. जन्मभर टोपी घालून शेतात काम केलेल्या माणसाने टोपी काढली, की कपाळाच्या वरच्या भागात एक सरळ रेघ दिसते. खाली करपलेला रंग, वर फिका. केळीच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात आयुष्य गेलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर ती असते. फोटोत टोपी नसेल आणि ही रेघ दिसत असेल तर ती "सुधारू" नका.

तांत्रिक बाजू दोन प्रकारची आहे. काळ्यापांढऱ्या फोटोवरून काम असेल तर राखाडी चित्र पूर्ण करा आणि वर कलर मोडचा (खालच्या छटा तशाच ठेवून नुसता रंग देणारा) लेयर ठेवून रंग भरा. पण एवढ्यावर थांबलात तर चित्र हाताने रंग फासलेल्या जुन्या फोटोसारखं दिसतं. म्हणून त्याच्याही वर साधा, नॉर्मल मोडचा लेयर घ्या आणि जाड, झाकणाऱ्या ब्रशने त्याच रंगांत पुन्हा रंगवा. खरं रंगकाम ते. रंगीत फोटो असेल तर राखाडी टप्प्यानंतर सरळ रंगातच मोठे डाग टाकत चला. सावलीसाठी मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा) लेयर सोयीचा आहे, पण त्यात गरम तपकिरी भरा, काळा नको.

स्मज टूल (रंग बोटाने घासल्यासारखं मिसळणारं) हा मोह आहे. पोळी लाटल्यासारखा चेहरा गुळगुळीत होतो तो याच्यामुळे. ब्रशचे फटकारे दिसू द्या. दोन छटांच्या मध्ये तिसरी छटा काढून ठेवा, घासून मिसळू नका. फोटोतल्या कडांपैकी काही मुद्दाम हरवू द्या: सावलीतल्या बाजूचे केस पार्श्वभूमीत मिसळले तरी चालतात. डोळ्यांजवळच्या कडा मात्र धारदार हव्यात.

डोळे, तोंड, मिशी

आता झूम करायला परवानगी. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. म्हाताऱ्या माणसाचा तर पिवळट-तांबूस असतो, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. ती सावली विसरली की डोळे वटारलेले दिसतात. चमकेचा ठिपका एकेकच, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. खालच्या पापणीच्या काठावर पाण्याची अगदी बारीक उजळ रेघ ठेवा, डोळा जिवंत होतो. म्हातारपणी वरची पापणी उतरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर येते, ती तशीच ठेवा.

ओठांभोवती रेघ काढू नका. वरचा ओठ बहुधा सावलीत, खालचा उजेडात. खरी रेघ एकच, दोन ओठांच्या मधली, आणि तीही सगळीकडे सारखी जाड नाही. दात दिसत असतील तर एकेक दात मोजून काढू नका, एकच उजळ पट्टी आणि कोपऱ्यांत सावली.

मिशी आणि केस म्हणजे आधी एक गडद आकार, मग उजेड पडतो तिथे दुसरा आकार, आणि सगळ्यात शेवटी कडेला पाच-सात सुटे केस. केसांचा तयार ब्रश डाउनलोड करून अख्खं डोकं विंचरणाऱ्यांना सांगून उपयोग होत नाही.

सोनं, टोपी आणि मागचा पडदा

जळगावच्या सोन्याचं नाव महाराष्ट्रभर, त्यामुळे दागिन्यांत कसूर चालत नाही. गिऱ्हाईक चेहऱ्याआधी गळ्यातली पोत बघतं. सोनं म्हणजे पिवळा रंग नाही. मंगळसूत्राची एक वाटी घ्या: तिची सावलीतली बाजू जवळजवळ काळपट तपकिरी, मधला भाग गेरूकडे झुकणारा पिवळा, उजेडाच्या बाजूला फिका लिंबाचा रंग, आणि त्यात एकच टिंब पूर्ण पांढरं. या चार छटा एकमेकींना खेटून, मध्ये न मिसळता ठेवल्या, की धातू चमकतो. मिसळल्या की हळदीचा गोळा होतो. वाटीच्या खालच्या कडेला लुगड्याचा रंग किंचित उमटवा, धातूत तो दिसतोच. काळे मणी एकेक काढायची गरज नाही. गडद दोरी काढा आणि मधूनमधून उजेडाचे ठिपके द्या. सातपुड्याकडच्या पावरा-भिल्ल घरांतली चांदी असेल तर पिवळ्याऐवजी निळसर राखाडी, बाकी पद्धत तीच. फक्त गडद आणि उजळ यांतलं अंतर आणखी वाढवा.

पांढरी टोपी आणि पांढरा सदरा यांत शुद्ध पांढरा शेवटपर्यंत वापरू नका. उजेडात किंचित पिवळसर, घडीच्या सावलीत निळसर राखाडी. टोपीच्या घडीची धार एका जागी कडक आणि बाकी मऊ.

मागे काय टाकायचं, यावर घरात मतभेद होतात. एकाला केळीची बाग हवी, दुसऱ्याला ढग, तिसऱ्याला विठ्ठल. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला जरा उजळ आणि उजेडाच्या बाजूला जरा गडद असा साधा मातकट-हिरवा पडदा सगळ्यात चांगला. बागच हवी असेल तर चेहऱ्यावरचा उजेड ज्या दिशेचा आहे त्याच दिशेचा बागेतही पाडा, नाहीतर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

तपासणी

काम चालू असताना चित्र वारंवार आडवं पलटून बघा. क्रिटात एम दाबलं की होतं. वाकडा डोळा लगेच दिसतो. मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्याने. शेवटची परीक्षा: घरातल्या ज्या माणसाला हे काम चालू आहे हे ठाऊक नाही, त्याला नाव न सांगता दाखवायला सांगा.

फाइल जपणं

कॅप्टन रॉबर्ट गिल हा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ साली नेमलेला चित्रकार. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली, ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्याकडे दुसरी प्रत ठेवायची सोय नव्हती, आपल्याकडे आहे. लेयर असलेली मूळ फाइल कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि गूगल ड्राइव्हवर एक. दर टप्प्याला वेगळ्या नावाने सेव्ह करा: राखाडी, रंग, अंतिम. मूळ स्कॅनही गिऱ्हाइकाला परत द्या. कित्येकदा मूळ फोटो पुढे हरवतो आणि तो स्कॅनच उरतो.

हक्क आणि व्यवहार

घरचा फोटो असेल तर अडचण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. नेटवरून उचललेल्या फोटोचं तसं नाही. पुढाऱ्याचं किंवा नटाचं चित्र करून विकायचं असेल तर फोटोग्राफरची परवानगी लागते. फोटोवरचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं राहतो.

पैसे निम्मे आधी घ्या. दुरुस्त्या दोन वेळा, एक राखाडी टप्प्यावर आणि एक रंगाच्या, हे आधीच लिहून पाठवा. दशक्रियेच्या किंवा गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी येणारी कामं वेगळी. तिथे अख्खं रंगकाम होत नाही हे सरळ सांगा आणि फोटो नीट साफ करून मोठा करून द्या. पेंटिंग वर्षश्राद्धापर्यंत देता येतं. घाईत केलेला चेहरा भिंतीवर कायमचा राहतो.

छपाई आणि फ्रेम

स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो, म्हणून छापलेलं चित्र नेहमी गडद येतं. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून बघा, तिथे सावलीतला तपशील दिसेनासा झाला तर मधल्या छटा थोड्या उचला. लॅबला फाइल द्यायच्या आधी चेहऱ्याची एक पट्टी, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, ४ बाय ६ वर छापून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. फाइल एसआरजीबीत, जेपीजी सगळ्यात वरच्या दर्जाला किंवा टिफ. लॅबवाला "थोडं ब्राइट करून देतो" म्हणाला तर नको म्हणा, ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. फ्लेक्सवाल्याकडे पोर्ट्रेट छापू नका, ते बॅनरचं मशीन आहे.

कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणायचं असेल तर चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीची पार्श्वभूमी रंगवून ठेवा, नाहीतर टोपीचं टोक चौकटीच्या कडेवर वळतं. कागदावर छापलं तर काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालायला सांगा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते, काचेला टेकलेला प्रिंट तिथेच चिकटून बसतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. फ्रेमला हार घालणार असतील तर वरच्या पट्टीला मागून दोन हूक लावून द्या, म्हणजे खिळा ठोकताना कुणी काच फोडणार नाही.